दोन रकान्यांत एकच नंबर

जीप गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बोनेटवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, मागच्या हौद्यात दुधाचे दोन जुने कॅन, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या खळग्यात कोंबडीनं संसार मांडलेला. घरचे दादा म्हणाले, "बघा पावणं, मिल्ट्रीचीच हाय. आमच्या आज्ज्यानं पुण्याकडनं लिलावातनं आणल्याली."

हे वाक्य मी त्याआधीच्या दोन वर्षांत वीसेक वेळा ऐकलं होतं. आपल्याकडे जुनी जीप दिसली की ती मिलिटरीचीच असते आणि तिचा मालक ती लिलावातच घेतो. म्हणून मी काही बोललो नाही. पेंढ्या बाजूला केल्या, बोनेट उघडलं आणि डाव्या हेडलाइटच्या मागे हात घातला. तिथं पंख्यासारखे दोन कान असलेला एक नट लागला. तो गंजून दगड झाला होता. दादांकडून थोडं डिझेल आणि पक्कड मागून घेतली, पंधरा मिनिटं खटपट केली, आणि दिवा बिजागरीवर उलटा फिरून इंजिनाकडे तोंड करून उभा राहिला.

युद्धात रात्री गाडी बंद पडली तर सैनिकाला टॉर्च हातात धरावी लागू नये म्हणून ही सोय होती. नंतरच्या नागरी जीपमध्ये दिवे जाळीतच घट्ट बसवलेले असतात, ते असे फिरत नाहीत. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही. भाव अजून ठरायचा होता.

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मोटारींचं शिक्षण नाही. लहानपणी प्रचाराच्या जीपमागं धावणारी जी पोरं असतात त्यातला मी एक, एवढंच. पण जुनी लष्करी गाडी घ्यायची ठरवल्यावर पहिली दोन वर्षं मी फक्त फसता फसता वाचलो.

पहिली जीप एका एजंटानं दाखवली. चकचकीत हिरवी, बोनेटवर पांढरा तारा, 'वर्ल्ड वॉरची' म्हणून साडेचार लाख. मी समोर उभा राहून जाळीच्या उभ्या फटी मोजल्या. सात. युद्धातल्या जीपला नऊ असतात. अगदी सुरुवातीच्या पंचवीसेक हजार विलीज कंपनीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, पण तशी आपल्या नशिबी यायची शक्यता कमी. सात फटी म्हणजे युद्धानंतरची नागरी जीप. त्यात बोनेट उंच असेल तर आपली ओळखीची महिंद्रा थ्री-बी, कारण तिच्या इंजिनात झडपा वरून आल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्यासाठी नाक वर उचलावं लागलं. दुसरी खूण मागं. लष्करी जीपची मागची भिंत बंद असते, तिच्यावर स्टेपनी आणि इंधनाचा कॅन टांगलेला. मागं खाली पडणारं फळकुट असेल तर कंपनीनं ती शेतकऱ्यासाठी बनवली. एजंटाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "साहेब, तारा बघा की!" ताऱ्याचं स्टिकर होतं.

दुसरी जोंगा होती. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्याखाली १९६९ पासून बनलेली ही गाडी, आणि तिचं नावही जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली याच शब्दांच्या आद्याक्षरांचं. ती खरीखुरी लष्करातून आलेली होती, कागदही स्वच्छ. पण चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मालकानं गाडी चालू केली, आम्ही गावाबाहेर जाऊन आलो आणि परतताना त्यानं स्वतःहूनच पंपाकडे वळवली. मी तिथंच हात जोडले. आज तिची किंमत ऐकली की वाईट वाटतं, पण ते असो.

तर गोठ्यातली जीप. दिवा फिरला म्हणजे अर्धीच ओळख पटली. युद्धाच्या काळात एकाच नकाशावरून दोन कंपन्यांनी ही गाडी बनवली. विलीजनं सुमारे ३ लाख ६० हजार, फोर्डनं सुमारे २ लाख ७८ हजार. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. त्यातला जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंच चाकांतर, आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं इंजिन. सुटे भाग एकमेकींना बसतात, बसावेत अशीच सरकारची अट होती. त्यामुळं ऐंशी वर्षांत प्रत्येक गाडीची खिचडी झालेली असते. बॉडी एकीची, चासी दुसरीची, धुरा तिसरीचा.

म्हणून चासीकडं बघायचं. मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पोतं टाकून पुढच्या बंपरखाली आडवा झालो. रेडिएटरच्या खाली चासीच्या दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आडवा तुकडा असतो. विलीजमध्ये तो गोल नळीचा, फोर्डमध्ये उलट्या ठेवलेल्या नालीसारखा चौकोनी. हा चौकोनी होता. मग बोल्टांच्या डोक्यांवरची घाण नखानं खरवडली. एकावर इंग्रजी एफ, शेजारच्यावर एफ, बिजागरीवर एफ. हेन्री फोर्डला आपल्या मालावर खूण असल्याशिवाय चैन पडत नसे; खराब भाग निघाला तर तो आपला की दुसऱ्याचा हे कळावं, हा व्यवहारही त्यात होता. पुढं गाडी खोलल्यावर मी वही घेऊन एफ मोजले, ४७ निघाले. आमच्या मिस्त्रींना वाटायचं हे नापासचं चिन्ह आहे.

बाहेर येऊन कपडे झटकले आणि म्हणालो, "कागद आहेत का?"

आजींनी लोखंडी पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं आरसी बुक आणलं. तीन अक्षरी जुना नंबर, दादांच्या आज्ज्याचं म्हणजे आबांचं नाव, इंधन पेट्रोल. आणि चासी नंबर, इंजिन नंबर या दोन रकान्यांत एकच सहा आकडी नंबर, एक-तीन ने सुरू होणारा. शाईही एकच, अक्षरही एकच.

माझ्याबरोबर आलेल्या ओळखीच्या एजंटानं मला कोपरखळी मारून बाहेर नेलं. "ह्यात पडू नका. त्या काळच्या कारकुनानं कंटाळून एकच नंबर दोनदा लिवलाय. आणि वर इंजिन बघितलंत का? मॅटॅडोरचं डिझेल हाय. पासिंग होणार न्हाई, भंगारात घालायची असंल तर घ्या."

इंजिन खरंच मॅटॅडोर व्हॅनचं होतं. पेट्रोल परवडेना म्हणून १९८८ च्या सुमाराला आबांनी बसवून घेतलं होतं. पश्चिम महाराष्ट्रात अशा किती जीपच्या पोटात मॅटॅडोर नाहीतर प्यूजोचं इंजिन गेलं असेल, गणती नाही. मी एजंटाचं ऐकलं आणि परत निघालो. चहा पिताना सहज विचारलं, की जुन्या इंजिनाचं काय केलं?

"ते व्हय? हिरीवर पंपाला लावल्यालं. रॉकेलवर चालायचं. लाइट आल्यावर काढलं, हाय की मागं, उसाच्या पाचटात."

त्या पाचटात ते इंजिन होतं. मी त्या दिवशी जेवायला थांबलो.

व्यवहार १ लाख ८५ हजारांना ठरला, भंगारातल्या इंजिनासकट. दादांना वाटलं मला फसवलं, मला वाटलं मी त्यांना. असं दोघांनाही वाटलं की सौदा बरोबर झाला म्हणायचा. पैसे मात्र लगेच दिले नाहीत. आरसी आबांच्या नावावर आणि आबा २००९ साली गेलेले. अशी गाडी थेट विकत घेता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० वर सही होऊन माझ्या. वारस म्हणजे दादा, आजी आणि दोन बहिणी. धाकटी इचलकरंजीत, तिची सही एका दुपारी झाली. थोरली मुंबईत, तिनं तीन महिने लावले. तिला जीप विकायचीच नव्हती. "लग्नात मी त्याच जीपमधनं सासरी गेले," असं फोनवर म्हणाली. मी त्यांना सांगितलं की मी जीपचे तुकडे करून विकणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "रंग बदलू नका." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडून दिलं.

घरी आणल्यावर पहिली चूक माझीच. चाकं काढायला घेतली. उजवीकडची निघाली, डावीकडची निघेनात. मी नळीचा दांडा लावून जोर केला आणि दोन बोल्ट कडाकड मोडले. मग कुठंतरी वाचल्याचं आठवलं, की या गाडीच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. दुसरी चूक थोडक्यात टळली. या जीपच्या रिमा दोन अर्धुकं बोल्टांनी जोडून केलेल्या असतात. टायर पंक्चर झाला तरी तो जागेवर राहावा आणि हातानं उघडता यावा म्हणून. शेजारचा पंक्चरवाला हवा न काढताच ते बोल्ट सैल करायला बसला होता. आत हवा असताना ती अर्धुकं सुटली तर माणूस जिवानिशी जातो. अशी रिम घेणाऱ्यानं हे पहिलं शिकावं, बाकीचं नंतर.

बॉडी उचलली तेव्हा खालून लाकडाचा भुसा पडला. जमिनीच्या पत्र्याखाली ताकदीसाठी लोखंडी नाल्या आहेत आणि त्या नाल्यांत कंपनीनं लाकडी पट्ट्या घातलेल्या होत्या. लाकूड पाणी पितं, पत्रा आतून कुजतो. बाहेरून ठोकून बघितलं तर घट्ट वाटतो. माझ्या जीपचा जमिनीचा पत्रा पायाच्या अंगठ्यानं फुटला. तेवढा नवा घातला, लाकूडही घातलं, पण सागाचं, आणि आधी तेलात मुरवून.

रंग काढायचं काम मात्र मी कुणालाच दिलं नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दिलं की तो ग्राइंडर फिरवून अर्ध्या दिवसात पत्रा पांढरा करतो आणि त्याबरोबर गाडीचा सगळा इतिहास जमिनीवर झाडून टाकतो. मी पाण्यातला बारीक पॉलिश पेपर घेऊन बोनेटच्या बाजूला बसायचो, रोज कामावरून आल्यावर एक हातभर जागा. वर फिका निळा, त्याखाली जाड चॉकलेटी, त्याखाली पुन्हा कुठं कुठं निळा, मग राखाडी, आणि शेवटी मंद, चमक नसलेला लष्करी हिरवा. आठव्या की नवव्या दिवशी त्या हिरव्यावर पांढरट काहीतरी दिसलं. थुंकी लावून पुसलं तर इंग्रजी एम. पुढं चार आकडे, पुढचे पत्रा ठोकताना गेलेले.

अमेरिकन सैन्याच्या जीपचा बोनेटवरचा नंबर २० ने सुरू होतो. एम हे ब्रिटिश पद्धतीतलं मोटारगाडीचं अक्षर. म्हणजे ही अमेरिकेत बनून उधार-उसनवारीच्या करारात ब्रिटिश किंवा भारतीय पलटणीकडं आली असावी, आणि युद्ध संपल्यावर इथंच राहिली. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी अशा जीप मोठ्या संख्येनं हिंदुस्थानात उतरल्या होत्या. तिथं त्यांनी जखमी वाहिले, रुळांवरची चाकं बसवून आगगाडीचे डबेही ओढले. माझी तिथं होती का, हे चार आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाही. काही मित्र मात्र मला भेटायला पाहुणे आणतात तेव्हा "इंफाळला लढलेली" अशी ओळख करून देतात. मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

इंजिनाची कथा वेगळी लिहावी लागेल. झडपा बाजूला असलेलं जुन्या पद्धतीचं चार सिलिंडरचं इंजिन. वरचं हेड म्हणजे नुसतं जड झाकण. पिस्टन जाम झाले होते. चारी सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओतलं आणि तीन आठवडे रोज सकाळी चहाआधी फ्लायव्हीलला एक धक्का द्यायचो. बाविसाव्या दिवशी ते अर्धा इंच हललं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अर्धा इंच?"

ब्लॉक घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की तिथं नमुना द्या आणि दुसऱ्या आठवड्यात तसाच दुसरा घेऊन जा. लेथवरच्या म्हाताऱ्या कारागिरानं गेज घातला आणि न विचारताच म्हणाला, "तीन इंच एक सूत बोअर. स्ट्रोक चार इंच तीन सूत. जीपचं हाय. पन्नास वर्षांपूर्वी रोज दोन यायची." त्यानं चारी सिलिंडरांना स्लीव्ह घातल्या, क्रँक घासून दिला. एका झडपेच्या घराजवळ केसासारखी चीर होती, ती ओतीव लोखंडाची वेल्डिंग करणाऱ्याकडून भरून घेतली. जुन्या नागरी जीपचं इंजिन मुळात हेच असल्यामुळं पिस्टन, झडपा, गॅस्केट मिळत गेले. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली नसती, तर माझ्यासारख्याला प्रत्येक भाग परदेशातून आणावा लागला असता.

वायरिंग माझा प्रांत. ही गाडी सहा व्होल्टची. सगळ्यांनी सल्ला दिला, बारा कर, सेल्फ जोरात फिरेल. सहा व्होल्टचा सेल्फ मंद फिरतो तो बहुतेक वेळा वायर बारीक घातल्यामुळं. तेवढ्याच ताकदीला निम्म्या व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आणि आजच्या दुकानातली बॅटरीची केबल बारा व्होल्टच्या हिशेबानं बारीक असते. मी कारखान्यात वापरतो तसली जाड तांब्याची केबल घातली, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ केली. सेल्फ एका दमात फिरला. पेट्रोलची नळी आणि पंपातला पडदा मात्र नव्या जातीच्या रबराचा घ्यावा लागला, कारण आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि चिकट होतं.

ठिणगीच्या पॉइंटची गॅप वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारावे भाग, आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. दिवाळीच्या आदल्या शनिवारी इंजिन चालू झालं. शेजारी फटाके समजले.

आता नंबर. मॅटॅडोरचं इंजिन बसवताना कुणीतरी चासीच्या डाव्या पट्टीवर ब्रॅकेट वेल्डिंग केलं होतं. फोर्डच्या जीपचा चासी नंबर नेमका तिथंच, डाव्या पट्टीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. विलीजवाल्यांचा वेगळा, आतल्या बाजूला पट्टीवर रिव्हेट केलेला. म्हणजे माझा नंबर त्या ब्रॅकेटच्या पोटात. मिस्त्रींनी ग्राइंडर हातात घेतला आणि मी अक्षरशः आडवा पडलो. दोन दिवस हॅकसॉच्या पात्यानं ब्रॅकेट कापलं, वेल्डिंगचे थेंब छोट्या छिन्नीनं एकेक करून उडवले. मग थिनरनं धुतलं, खडू घासला, आणि रात्री दिवे बंद करून टॉर्च आडवी धरली. ठोकलेला आकडा गंजानं भरला असला तरी आडव्या उजेडात त्याची सावली पडते. वायर ब्रश मारायचा नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही. तिथला एक थाऊ लोखंड गेला की ओळख गेली.

आधी जीपीडब्ल्यू दिसलं. मग एक, तीन, मधले दोन आकडे खड्ड्यांत हरवलेले, आणि शेवटचे दोन स्पष्ट.

इंजिनाच्या अंगावर ठोकलेला नंबर मी आधीच पुसून वहीत लिहून ठेवला होता. वही आणली. जीपीडब्ल्यू, एक, तीन, आणि शेवटचे तेच दोन.

फोर्ड कारखान्यातून निघताना इंजिन आणि चासी दोन्हींवर एकच नंबर ठोकत असे. विलीजमध्ये ते वेगळे. म्हणजे आरसी बुकात कंटाळून एकच नंबर दोनदा लिहिणारा तो कारकून कंटाळलेला नव्हता. तो वाकून, खाली बघून, दोन्ही नंबर वाचून आला होता. त्याच्यानंतरच्या आम्हा सगळ्यांनी, एजंटानं, मी, पुढं कार्यालयातल्या लोकांनी, त्यालाच मूर्ख ठरवलं होतं. नंबरांच्या क्रमावरून गाडी १९४३ ची. आणि विहिरीवर रॉकेल पिऊन पाणी उपसलेलं ते इंजिन हे तिचं जन्माचं इंजिन. ऐंशी वर्षं टिकलेली अशी जोडी क्वचित मिळते. आबांनी ते वीस रुपये किलोनं घातलं नाही, याचं कारण आजींना विचारलं. "उचलायला माणसं कुठली?" त्या म्हणाल्या.

रंगाचा प्रश्न राहिला होता. जुन्या लष्करी गाडीला लष्करी हिरवा द्यायचा, यात विचारायचं काय? पण आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ नये. रस्त्यावर हिरव्या जीप धावताना दिसतात, रॅलीतही दिसतात, आणि कुणी अडवत नाही तोवर चालतं. मला मात्र पासिंगला जायचं होतं.

त्या पेचात मी एका रविवारी नगरला रणगाडा संग्रहालय बघून आलो. चिलखती दलाच्या केंद्रानं १९९४ साली उभारलेलं. रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, युद्धात हाती आलेले पाकिस्तानी पॅटन, आपला विजयंता, सगळे हिरवळीवर रांगेत. मी तिथं रणगाड्यांपेक्षा रंग बघत हिंडलो. उघड्यावरच्या लोखंडाला रंग द्यावाच लागतो, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण प्रत्येक नव्या थरानं कडा गोल होतात, ठोकलेली अक्षरं बुजतात. लष्कराच्या गाडीला लष्करी रंग लष्कराच्या आवारात शोभतो. माझ्या जीपनं फार तर दोन-तीन वर्षं सैन्यात काढली होती. त्यानंतर सत्तर वर्षं तिनं ऊस, दूध, बाळंतिणी, मतपेट्या आणि नवऱ्या मुली वाहिल्या, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती निळी होती.

मी ती निळी ठेवली. जिथं आबांच्या काळचा रंग टिकला होता तिथं फक्त धुऊन मेण लावलं. नव्या पत्र्याला जवळचा निळा, पण मुद्दाम एक छटा फिकी, म्हणजे नवं काय हे कळावं. हिरवा दोनच ठिकाणी आहे: मागच्या टूलबॉक्सच्या झाकणाखाली आणि बोनेटच्या बाजूला तळहाताएवढी एम ची खिडकी, जी मी उघडी सोडली आहे. तो मी दिलेला रंग नाही, तो १९४३ चा आहे. दुधाचे कॅन चढवायला आबांनी मागची भिंत कापून फळकुट केलं होतं, तेही तसंच आहे. डॅशबोर्डवर गाडीच्या माहितीच्या तीन धातूच्या पट्ट्या असायच्या त्या गेल्या आहेत. तशा नव्या विकत मिळतात, हुबेहूब. मी रिव्हेटची भोकं रिकामी ठेवली. ज्या पट्टीवर आपण स्वतः तारीख ठोकणार ती कशाला लावायची?

जीपवाल्या मंडळींनी माझ्यावर बरीच टीका केली. एकानं तर तोंडावर सांगितलं, की तू चांगल्या फोर्डची ग्रामपंचायत केलीस. त्याची स्वतःची जीप बघण्यासारखी आहे, प्रत्येक बोल्ट नवा, रंग चमचमता, आणि कुठंही एफ नाही.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले आहेत. अट अशी, की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज वापरायला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर आणता येते. मॅटॅडोर इंजिन तसंच राहिलं असतं तर मी दारातच अडलो असतो, कारण कागदावर गाडी पेट्रोलची होती.

अडलो तरीही. कार्यालयातल्या खिडकीवर पहिल्यांदा सांगितलं, "दोन्हीकडं एकच नंबर, संगणक घेत नाही." दुसऱ्यांदा सांगितलं, आधीच्या नोंदीतली चूक दुरुस्त करून आणा. चूक नाही हे मी चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी फोर्डच्या जुन्या सुट्या भागांच्या यादीची छापील पानं, चासीचे फोटो, इंजिनाचे फोटो अशी फाइल नेली. खिडकीतल्या बाईंनी पानं उलटली आणि पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, "म्हणजे लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं?" फाइल पुढं सरकली.

तपासणीला मैदानात गेलो त्या दिवशी उन्हं कडक होती. निरीक्षक तरुण होते. त्यांनी उलटा फिरणारा दिवा दोनदा फिरवून बघितला, मग कामाला लागले. चासीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, पेन्सिलीनं घासलं, ठसा उचलला. मग इंजिनावर तेच. कागदावर दोन्ही पट्ट्या खाली-वर चिकटवल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मधले दोन आकडे चासीवर नाहीत, हे मी सांगणार तेवढ्यात त्यांनी बोटानं दाखवलं: दोन्ही पट्ट्यांवर तीनचं वरचं टोक सारखंच तुटलेलं होतं. एकाच पंचानं ठोकलेलं. हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही रकान्यांत नंबर लिहिला, सही केली आणि खाली वाकून म्हणाले, "ऑइल गळतंय तुमचं."

मी सीटखालचा पुठ्ठा काढून इंजिनाखाली सरकवला.